आजोबांची पद्मिनी आणि अडीच लाख रुपये

पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या २८ वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. नोकरी पुण्यात, घर गावाकडे. घराशेजारच्या शेडमध्ये आजोबांनी १९७८ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आजोबा सहा वर्षांपूर्वी गेले, गाडी त्याच्याही आधीपासून बंद. वाचकाने अडीच लाख रुपये साठवलेत. पुण्यातल्या गॅरेजवाल्या मित्राने बेत आखून दिला आहे: मूळ इंजिन काढून स्विफ्टचं पेट्रोल इंजिन, गाडी खाली बसवायची, सतरा इंची अलॉय, पुढचं सलग सीट काढून दोन बकेट सीट, स्टिअरिंगवरचा गिअर खाली, क्रोम काढून मॅट काळा रंग आणि जमलंच तर छत कापून सनरूफ. वडील म्हणतात, ‘भंगारात घाल नाहीतर आहे तशी राहू दे, पण तिचा तमाशा नको.’ मित्र म्हणतो, ‘करायचं तर पूर्ण कर, अर्धवट केलंस तर पैसे पाण्यात.’ गाडी तयार झाली की दर पंधरवड्याला पुणे-गाव तिनेच करायचं, असं वाचकाच्या मनात आहे. त्याचा प्रश्न: ‘गाडी माझ्या वाट्याला आली, पैसे माझे. मग किती बदलायची हे मी का ठरवू नये? आणि या पैशांत कुठवर जावं?’

नमस्कार,

तुमची यादी मी नीट वाचली. त्यात इंजिन आहे, चाकं आहेत, रंग आहे, सनरूफसुद्धा आहे. ब्रेकचा उल्लेख एकदाही नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी या इटालियन गाडीचा कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेला अवतार. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीस-बेचाळीस अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंग. हे सगळं एकमेकांच्या मापाने बेतलेलं आहे. ते इंजिन जेवढं पळवतं तेवढं थांबवायला ते ड्रम पुरतात, तेही लायनिंग चांगलं आणि व्हील सिलिंडर गळत नसतील तर. स्विफ्टच्या इंजिनाची ताकद याच्या साधारण दुप्पट. ते बसवलं की ब्रेक, पुढचं सस्पेन्शन, मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि स्टिअरिंग या सगळ्यांना आपल्या ताकदीबाहेरचं काम लागतं. खंबाटकी उतरताना पुढचा ट्रक अचानक थांबला तर इंजिन कुठलं आहे याने काही फरक पडत नाही.

दुसरी अडचण त्याहून साधी. स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीचं उभं बसतं आणि मागची फिरवतं. त्यामुळे ‘इंजिन बदलू’ हे वाक्य बोलायला सोपं असलं तरी त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा गिअरबॉक्स जुळवणं, नवे माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट कापून-जोडून घेणं, गाडीच्या तळातला मधला उंचवटा कापणं, रेडिएटर, पेट्रोलचा हाय प्रेशर पंप आणि ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) सगळं वायरिंग एवढं आलं. मित्राने दिलेल्या अंदाजात यातल्या कशाकशाचे पैसे धरलेत ते विचारा. मला शंका आहे की इंजिन आणि मजुरी एवढंच धरलं असेल. अडीच लाखांतले किती उरतील याचा हिशेब मी सांगायला नको.

या गाडीला जवळचं म्हणावं असं इंजिन एकच, प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीतलं ११७१ सीसीचं, निसानचं. तेही उभं बसणारं, मागची चाकं फिरवणारं. गॅरेजमध्ये कुणी ना कुणी त्याचं नाव काढेलच. यांत्रिक बाजूने ते त्यातल्या त्यात शहाणपणाचं आहे, हे मान्य. कायद्याच्या बाजूने मात्र अडचण राहतेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी अशी बदलता येत नाही की आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘रस्त्यावर इतक्या गाड्या फिरतात, कोण पकडतं?’ हे मित्र म्हणेल. पकडलं जाण्याची भीती मीही फार धरत नाही. अपघाताची धरते. नोंदीत नसलेलं इंजिन आणि कापलेलं छत घेऊन तुम्ही कुणाला धडकलात तर दावा नाकारायचं कारण विमा कंपनीच्या हातात तुम्ही स्वतःच दिलेलं असतं.

आता तुमच्या प्रश्नातलं पहिलंच वाक्य घेऊ. ‘गाडी माझ्या वाट्याला आली.’ खरंच आली का? आरसी कुणाच्या नावावर आहे? पत्रावरून तरी ती अजून आजोबांच्याच नावावर असावी असं वाटतं. तसं असेल तर कागदावर त्या गाडीवर तुमच्या वडिलांचा, काकांचा, आत्यांचा, आजी असतील तर त्यांचाही हक्क आहे. वारसाच्या नावावर गाडी करायला नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती लागते. हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत व्हायला हवा होता, उशीर झालाच आहे. आत्याने सही करण्याआधी ‘गाडीचं काय करणार आहेस रे?’ असं विचारलं तर तिला मॅट काळ्या रंगाचा फोटो दाखवणार का, हा प्रश्न मी गमतीने विचारत नाही. तुम्ही जे ‘मी का ठरवू नये’ म्हणताय, त्याचं उत्तर या सह्या हातात आल्यावर ‘जरूर ठरवा’ असं आहे. त्याआधी नाही.

कागदांचं आणखी एक टोक आहे आणि कामांचा क्रम त्यावरच ठरतो. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या नोंदणीची मुदत बहुधा संपलेली असेल. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते आणि निरीक्षक चासी नंबर, इंजिन नंबर, रंग हे सगळं आरसीशी ताडून बघतो. म्हणजे आधी इंजिन उपसलंत तर नूतनीकरणाचाच रस्ता बंद. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालं आहे, त्यात उशिराच्या प्रत्येक महिन्याला पाचशेची भर, शिवाय पर्यावरण कर, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पीयूसी आणि विमा. तुमच्या बाबतीत एकूण किती होईल ते आरटीओत जाऊन लिहून आणा आणि अडीच लाखांतून ती रक्कम आजच बाजूला काढा. नोंदणी आणि विमा चालू नसताना गाडी रस्त्यावर चालवत नेऊ नका, टोइंगचे पैसे द्या.

यातच एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या मित्राला माहीत नसावी. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमच्या पद्मिनीला २०२८ मध्ये पन्नास होतील. अट एकच कडक आहे: चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. लगेच हेही सांगते की ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. म्हणजे पुणे-गाव बंद. तुम्हाला ती घ्यायची नसेलही. पण इतक्या थोड्या काळात उघडणारं दार आज ग्राइंडर लावून कायमचं बंद करायचं का, याचा विचार करा.

आता वडील आणि मित्र. दोघांची मतं उलटी वाटतात, पण दोघं एकच गोष्ट गृहीत धरून बोलताहेत: सगळं, नाहीतर काहीच नाही. वडिलांचं ‘आहे तशी राहू दे’ म्हणजे शेडमध्ये गंजू दे. मित्राचं ‘पूर्ण कर’ म्हणजे सगळी गाडी एकदम उघड. जुन्या गाडीच्या कामात खरे पैसे पाण्यात जातात ते अर्धवट *केल्याने* नाही, अर्धवट *उघडल्याने*. इंजिन बाहेर, दारं भिंतीला टेकलेली, नटबोल्ट कुणाच्या तरी रंगाच्या डब्यात, आणि मालकाचे पैसे संपलेले, अशा गाड्या कुठल्याही शहरातल्या गॅरेजच्या मागच्या अंगणात दिसतात. त्यांना गिऱ्हाईक फक्त भंगारवाला. उलट, प्रत्येक टप्प्याअखेर गाडी चालत्या अवस्थेत बाहेर येईल असं काम लावलंत तर तुम्ही कुठेही थांबू शकता, आणि थांबलात तरी हातात गाडी असते.

म्हणून माझं म्हणणं असं की किती बदलायचं हे आज ठरवूच नका. आधी ती चालती करा, मग सहा महिने चालवा. तोवर बोल्ट सोडून परत बसवता येईल एवढंच बदला. जे कापावं किंवा वितळवावं लागेल त्याला हात लावू नका. तुम्ही ही गाडी मोठेपणी कधी चालवलेलीच नाही, असं पत्रात आहे. जी गाडी चालवली नाही तिच्यात काय कमी आहे हे फोटो बघून कसं ठरवणार? स्टिअरिंगवरचा गिअर तुम्हाला आज अडचण वाटतो. आठवड्याभराने कदाचित तीच गोष्ट तुम्ही सगळ्यांना कौतुकाने दाखवाल. किंवा खरंच नकोसा होईल, तेव्हा बदलायचं कारण तुमच्याकडे असेल.

चालती करणं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच लागायला हवेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. तुम्ही सांगली जिल्ह्यातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी त्या शेडपर्यंत आलं होतं का? वडिलांना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल. आलं असेल तर हब, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे आणि तुमचा सगळा अंदाज बदलतो.

दुसरा पत्रा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. त्यामुळे फ्लोअर, दाराखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा आणि मागचे पाटे जिथे अडकवलेत तिथला भाग हे तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मॅट उचला, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. जिथे लोहचुंबक चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असं समजा. आणि आता कळलं असेल की सनरूफसाठी छत कापण्याला माझा विरोध का आहे. छत हे त्या कण्याचंच वरचं हाड. पत्रा फार सडलेला निघाला तर चांगल्या टिंकरकडून (पत्र्याचं काम करणाऱ्याकडून) नवा तुकडा घालून वेल्डिंग करून घ्या. त्यावर रंग नाही, नुसता प्रायमर चालेल. रंग सगळ्यात शेवटी, कारण अडीच लाखांतला मोठा घास तो खातो आणि त्याने गाडी एक इंचही पुढे सरकत नाही.

तिसरं इंजिन. उत्साहात नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या आणि इंजिन हाताने फिरतं का पाहा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. जुनं पेट्रोल काढून टाका, टाकी उतरवून आतून बघा, कार्ब्युरेटर खोलून धुऊन घ्या. उंदरांनी वायरिंगचं काय केलंय ते बॅटरी जोडण्याआधी पाहा. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलाच, ते जुने आहेत म्हणून तर आहेच, पण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं म्हणूनही. जुन्या रबराला ते फुगवतं, आणि हवेतला ओलावा शोषून टाकीला आतून गंज चढवतं. इथेनॉलला टिकणारे पाइप दुकानात नाव घेऊन मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका.

चौथं आणि माझ्या मते पहिलं, ब्रेक. मास्टर सिलिंडर, चार चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होज, लोखंडी पाइप, लायनिंग. हे सगळं एकदम, एकाच वेळी. ‘दोन मागचे चालतील अजून’ असं गॅरेजमध्ये कुणी म्हणालं तरी ऐकू नका. सोबत टायर. टायरची नक्षी कितीही खोल दिसो, एवढ्या वर्षांनी रबर कडक झालेलंच असतं. मूळचेच चौदा इंची रिम ठेवून त्यावर बसणारे रेडियल घेतलेत तरी गाडी वळणावर वेगळीच वाटेल. सतरा इंची रुंद टायरचं म्हणाल तर पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना खांदे बोलतील, आणि चाकाच्या कमानीला टायर घासू नये म्हणून पुन्हा पत्रा कापणं आलंच.

सुटे भाग मिळतात का? मिळतात, पण पूर्वीसारखे नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर मागणी होती म्हणून माल होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारा, पण आधी काय लागतंय त्याची यादी करून आणि जुना भाग सोबत घेऊन. काचा, दिव्यांचे रिंग, दाराची हँडल असं दिसलं तर आज गरज नसली तरी घेऊन ठेवा.

इथवर आलात आणि पैसे उरले, तर मग मजेच्या गोष्टी. त्यातही अशा आहेत की गाडी बदलते पण तिला जखम होत नाही. ठिणगी जुळवणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे पावसाळ्यात सकाळी गाडी रुसत नाही. बॅटरी चार्ज करायला डायनामो असेल तर तिथे अल्टरनेटर. हेडलाइटला रिले लावून चांगले हॅलोजन, कारण रात्रीच्या हायवेला मूळचा उजेड फार अपुरा आहे. रेडिएटरला विजेचा पंखा. पुढच्या दोघांना सीट बेल्ट, पण तो सडक्या पत्र्यात बोल्ट मारून नव्हे. शाबूत पत्र्यावर आतून जाड पट्टी घेऊनच. डॅशबोर्ड न कापता सीटखाली लपवलेला ब्लूटूथ ॲम्प्लिफायर. पुढे डिस्क ब्रेक करून देणारे आहेत, पण ब्रॅकेट कोण बनवणार, कशाचा बनवणार आणि याआधी ज्या गाडीला बनवला ती तुम्हाला चालवून बघता येईल का, एवढं विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

पुढचं सलग सीट काढायचंच असेल तर काढा, बोल्टवर बसतं ते. पण जपून ठेवा. क्रोमचे बंपर, पट्ट्या, हबकॅप, जुनं कार्ब्युरेटर, सगळं कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून, माळ्यावर. पाच वर्षांनी तुमची आवड बदलेल, किंवा गाडी विकायची वेळ येईल. मूळ सामान सोबत असलेल्या पद्मिनीला घेणारे पुष्कळ निघतात. दुसऱ्या कुणाच्या आवडीने कापलेली पद्मिनी घ्यायला अगदी तशीच आवड असलेला माणूस शोधावा लागतो.

रंगाबद्दल एवढंच की तो आरसीवर लिहिलेला असतो, बदललात तर नोंद करून घ्या. मॅट काळा तुम्हाला का हवा आहे याचं उत्तर ‘फोटोत भारी दिसतो’ असेल तर आधी एका दुपारी सांगलीच्या उन्हात काळ्या, एसी नसलेल्या गाडीत बसून बघा.

आणि या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही. दर पंधरवड्याला पुणे ते गाव, हायवेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून, न थांबता जायचं असेल तर त्याला पद्मिनी कशाला हवी? अडीच लाखांत एक बऱ्यापैकी वापरलेली स्विफ्ट किंवा वॅगन आर येते, आणि ती हे काम झोपेतही करते. तुमचा आराखडा परत वाचा. तुम्ही आजोबांच्या गाडीच्या पत्र्यात एक स्विफ्ट भरायला निघाला आहात. त्यातून जी गाडी तयार होईल ती स्विफ्टइतकी सुरक्षितही नसेल आणि पद्मिनीही नसेल. हे कठोर वाटलं तर वाटू द्या. तुम्हाला बहुधा दोन गाड्या हव्या आहेत, एक जायला-यायला आणि एक रविवारी काढायला. पहिली गरज पुण्याची एसटी आणि ट्रेनही भागवतात. दुसरीसाठी चालती, घट्ट, आवाज न करणारी, मूळच्याच इंजिनाची पद्मिनी पुरेशी आहे. साठ-सत्तरच्या वेगाने तासगावपर्यंत जाऊन यायला तिला कुणाचं इंजिन उसनं घ्यावं लागत नाही.

वडिलांशी बोलताना ‘गाडी’ या विषयावर बोलू नका. त्यांना विचारा की शेवटची काही वर्षं ती गाडी कोण सांभाळत होतं, बिलं कोण भरत होतं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण एका दमात भंगार आणि ‘आहे तशी’ असे दोन टोकाचे पर्याय देणारा माणूस बहुतेक वेळा गाडीला नाही, तर पुन्हा सुरू होणाऱ्या गॅरेजच्या फेऱ्यांना घाबरलेला असतो. तुम्ही आरटीओचा खर्च, पहिल्या टप्प्याची यादी आणि ‘यापुढे एक रुपयाही नाही’ अशी रक्कम कागदावर मांडून दाखवलीत तर त्यांचं उत्तर वेगळं येईल. भंगाराचीच वेळ आली, म्हणजे पत्रा खरोखर संपलेला निघाला, तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला द्या. तिथून प्रमाणपत्र मिळतं आणि आरसी रीतसर रद्द होते. तेव्हाही इंजिन, दिवे, काचा दुसऱ्या एखाद्या पद्मिनीला उपयोगी पडतील का ते आधी पाहा.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी थोडं. तुमच्याकडे मारुती ८०० असेल तर मी जरा सैल बोलेन. ती १९८३ पासून २०१४ पर्यंत बनली, भाग गल्लोगल्ली मिळतात, एक बिघडवलीत तर दुसरी मिळेल. सीट, डॅशबोर्ड, म्युझिक, आतली रेक्झिन यांत मनसोक्त खेळा. इंजिन आणि सांगाड्याचा कायदा मात्र तिलाही तोच. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या जीपवाल्यांनाही तोच, चासी वेगळी असली तरी. गाडी इलेक्ट्रिक करून घ्यायची असेल तर मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद लागते. या बजेटमध्ये ते बसत नाही, म्हणून तुमच्यापुरतं मी ते बाजूला ठेवलं.

राहता राहिला मित्र. मैत्री टिकवायची असेल तर त्याच्याशी गिऱ्हाइकासारखं वागा. कामाचा प्रत्येक टप्पा, त्याची रक्कम आणि तारीख वहीवर लिहा, दोघांनी सही करा. पैसे टप्पा संपल्यावर, सगळे आधी नाहीत. काढलेला प्रत्येक भाग परत तुमच्या ताब्यात. खोलण्याआधी सगळीकडून फोटो, नटबोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांत. दुसऱ्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला, ज्याने कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर आयुष्य काढलं आहे, दोन-तीनशे रुपये देऊन एकदा गाडी दाखवा. असे लोक सांगली-मिरजेत अजून आहेत. त्यांना ही गाडी खोलायची घाई नसते. आणि पुण्याला टोइंग करून नेण्यापेक्षा पहिला टप्पा गावाजवळच उरकता येतो का ते पाहा, म्हणजे शनिवारी-रविवारी तुम्ही स्वतः तिथे उभे राहू शकाल. मित्राने इंजिनासाठी ॲडव्हान्स मागितलाच असेल. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत तो देऊ नका.